शेवटची इमारत आधी पाहा

वाचकाचे पत्र: माझे वय ७२ आहे आणि यजमानांचे ७७. त्यांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले. अजून ते स्वतः चालतात, वाचतात, बँकेचे व्यवहार पाहतात. मात्र शर्टाची बटणे, आंघोळ आणि रात्री कूस बदलणे यांसाठी त्यांना माझी मदत लागते. माझी प्रकृती चांगली आहे. मुलगा दूर असतो. मुलगी जवळ आहे, पण नोकरी आणि संसार सांभाळताना तिची ओढाताण होते. घर विकून ज्येष्ठांच्या अशा संकुलात जावे, जिथे स्वतंत्र घरापासून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेपर्यंत सगळी सोय एकाच आवारात असते, असे मनात आहे. तीन जागा पाहिल्या. पहिली नवी आणि फार देखणी आहे. तिथे शुश्रूषा विभाग नाही, पण जवळच्या रुग्णालयाशी करार आहे असे सांगतात. दुसरीत सगळे स्तर आहेत, परंतु शुश्रूषा विभाग कायम भरलेला असतो आणि त्यासाठी प्रतीक्षायादी आहे. तिसरी जुनी आणि साधी, खोल्या लहान. शुश्रूषा विभाग मात्र स्वतःचा, आणि तिथल्या खाटांवर पहिला हक्क संकुलातल्या रहिवाशांचा. मुलगा म्हणतो, अर्जात पार्किन्सनचा उल्लेख आत्ता करू नका, आधी प्रवेश मिळू द्या. यजमान म्हणतात, एवढी घाई कशाला. बाग, खोल्या, भोजनगृह, वाचनालय, शुल्क असे रकाने पाडून मी तक्ता केला आहे, पण निर्णय होत नाही. काय पाहून ठरवावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा तक्ता मन लावून केलेला आहे, पण त्यातले जवळजवळ सगळे रकाने पहिल्या घराविषयी आहेत आणि निर्णय अडतो आहे तो त्यामुळेच. धडधाकट जोडपी ज्या घरांत राहायला येतात ती घरे प्रत्येक संकुल नेटकी ठेवते, कारण येणारा माणूस तीच पाहून पैसे भरतो. बाग आणि वाचनालय यांत तिन्ही जागांमध्ये डावे-उजवे असेल, परंतु त्यावरून तुमच्या पुढच्या वर्षांचे काही ठरणार नाही. अशा संकुलात जाण्याचे कारणच मुळी हे असते की, आज न लागणारी मदत उद्या लागू लागली म्हणजे त्या अवस्थेत नव्याने जागा आणि माणसे शोधत फिरण्याची वेळ येऊ नये. म्हणून एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाण्याचा प्रसंग येतो तेव्हा तिथे नेमके काय घडते, यावर निवड करावी, असे माझे मत आहे. ती वेळ आली हे कोण ठरवते, त्या दिवशी जागा मिळते का, खर्च किती वाढतो आणि जोडप्यातला दुसरा माणूस कुठे राहतो, हे चार रकाने तुमच्या तक्त्यात सर्वांत वर असायला हवेत.

त्याआधी मुलाच्या सूचनेविषयी बोलायला हवे, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळेच बिघडेल. अर्जात पार्किन्सन लपवू नका. मुलाचा हेतू चांगला आहे आणि त्याची भीतीही अनाठायी नाही. प्रवेशाच्या वेळी अर्जदार स्वतःचे स्वतः करू शकणारा असावा अशी अट पुष्कळ संकुले घालतात आणि वाढत जाणारा आजार असलेल्यांना नकार देतात किंवा वेगळे दर लावतात. परंतु प्रवेशअर्जाबरोबर आरोग्याचे निवेदन सही करून द्यावे लागते, आणि त्यातली माहिती खोटी निघाली तर करार रद्द करण्याचा किंवा पुढच्या स्तरावरची जागा नाकारण्याचा हक्क संकुल स्वतःकडे ठेवते, असे कलम अशा करारांत बऱ्याचदा आढळते. म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही घर विकून पैसे भरणार, तीच जागा ऐन गरजेच्या वेळी हातची जाऊ शकेल. शिवाय ज्या परिचारिकांना यजमानांच्या आजाराची माहितीच नाही, त्या रात्री-अपरात्री त्यांना कशी मदत करणार? एखाद्या संकुलाने पार्किन्सन ऐकून नकार दिला, तर ते आज कळणे तुमच्या फायद्याचे आहे. आजाराला घाबरणारे संकुल तुमच्या कामाचे नाही.

आता यजमानांची स्थिती. ती तुम्ही पत्रात फार नेमकी लिहिली आहे. किती नेमकी, याची कदाचित तुम्हालाही कल्पना नसेल. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये दैनंदिन स्वावलंबन मोजण्याची एक पद्धत मांडली. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून किंवा खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे ही त्यातली सहा कामे. ही कामे साधारण याच क्रमाने माणसाच्या हातून सुटत जातात, आंघोळ सर्वांत आधी आणि जेवण सर्वांत शेवटी, असे त्यांना दिसले होते. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार या आठ कामांची दुसरी मोजणी दिली. कोणाला कोणत्या स्तरावर ठेवायचे हे ठरवताना आजही बहुतेक संकुले या दोन याद्यांच्याच कुठल्या ना कुठल्या रूपाचा आधार घेतात. त्या लावून पाहिल्या तर यजमान बँकेचे व्यवहार उत्तम पाहतात, पण आंघोळ आणि कपडे या दोन बाबतींत त्यांना मदत लागते, आणि रात्री कूस बदलून देणे हे उठबशीच्या मदतीचेच पहिले पाऊल आहे. याचा सरळ अर्थ असा की, कागदावर ते आजच स्वतंत्र निवास आणि सहाय्यित निवास, म्हणजे रोजच्या कामांत मदतनीस मिळतो तो स्तर, यांच्या सीमेवर उभे आहेत. ते स्वतंत्र घरात राहत असल्याचे जे दिसते आहे, ते तुम्ही शेजारी आहात म्हणून.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि मला ती सर्वांत जास्त खटकली. सगळी आखणी यजमानांची प्रकृती खालावत जाईल आणि तुमची चांगलीच राहील या समजुतीवर उभी आहे. रात्रीत दोनदा उठून माणसाला कुशीवर वळवणाऱ्या बाईची कंबर किती वर्षे साथ देईल? तुमचे हाड मोडले किंवा तुम्हाला महिनाभर रुग्णालयात राहावे लागले, तर त्या दिवशी संध्याकाळी यजमानांचे कोण करणार, हा प्रश्न तिन्ही संकुलांना याच शब्दांत विचारा. चांगल्या ठिकाणी त्याचे तयार उत्तर असते: त्यांना तेवढ्या दिवसांपुरते सहाय्यित विभागात ठेवता येते किंवा मदतनीस घरी पाठवला जातो, आणि त्याचा दर अमुक आहे. ‘तसा प्रसंग येणार नाही हो’ असे हसून सांगणाऱ्याचे नाव तिथेच खोडून टाका.

यानंतर पुन्हा एकदा तिन्ही जागा पाहायला जा, मात्र या वेळी उलट्या दिशेने. आधी शुश्रूषा विभाग, मग स्मृतिभ्रंशाचा विभाग असल्यास तो, मग सहाय्यित निवास, आणि वेळ उरला तर स्वतंत्र घरे. विक्री विभागाने दिलेली वेळ टाळा. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास जा. त्या वेळी व्यवस्थापक घरी गेलेले असतात आणि जे दिसते ते रोजचे असते. रहिवाशांच्या खासगीपणाचे कारण देऊन ते खोल्यांत जाऊ देणार नाहीत आणि ते योग्यच आहे, परंतु सामाईक दालन आणि जेवणाची जागाही पाहू देत नसतील, तर त्याचा अर्थ तुम्ही समजून घ्या.

तिथे भिंतींचा रंग पाहू नका. जो माणूस स्वतः काही मागू शकत नाही, त्याच्याकडे पाहा. पाण्याचा पेला त्याच्या हाताला येईल असा ठेवला आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर? बोलावण्याच्या घंटेची दोरी किंवा बटण त्याच्या बोटांशी आहे की उशीमागे अडकले आहे? श्रवणयंत्र कानात आहे की खणात? चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का? भरवणारी मदतनीस खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली आहे, की उभ्याने, दुसरीशी बोलत, एकामागून एक चमचे पुढे करते आहे? ज्याच्या तक्रारीची कुणाला धास्ती नाही, अशा माणसाशी ते कसे वागतात ते इथे दिसते, आणि पुढेमागे तुमच्या दोघांपैकी एकाशी ते तसेच वागणार आहेत. घंटा वाजली तर घड्याळ पाहा आणि कोणी किती वेळाने पोचते ते टिपून ठेवा. मदतनिसांपैकी दोघी-तिघींना सहज विचारा, तुम्ही इथे किती दिवस आहात? सगळ्याच जणी गेल्या काही महिन्यांत आलेल्या असतील, तर जुन्या का टिकल्या नाहीत, याचा विचार करावा लागतो. रात्रपाळीत एका मदतनिसाकडे किती रहिवासी असतात आणि रात्री नोंदणीकृत परिचारिका आवारात हजर असते की फोनवर, हे व्यवस्थापकांना विचारून आकड्यांतच उत्तर घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा जुना प्रघात आहे. आता प्रकृती आणि गादीचा प्रकार पाहून हे अंतर ठरवतात. कितीही ठरवलेले असो, ते कागदावर लिहून ठेवतात का आणि पहाटे तीनच्या रकान्यात कोणाची सही असते, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पार्किन्सनसाठी मात्र माझ्या लेखी एकच कसोटी इतर सगळ्यांवर भारी आहे, आणि ती औषधांच्या वेळेची आहे. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाचा परिणाम काही तासांत ओसरतो, आणि आजार वाढत जातो तसतसा हा अवधी आखडत जातो. मग ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला तरी कधीकधी जो माणूस मघाशी चालत होता तो खुर्चीतून उठू शकत नाही, गिळताना अडखळतो, बोलणे पुटपुटल्यासारखे होते. पुष्कळ विभागांत औषधांची गाडी ठरलेल्या वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते आणि ज्याची खोली शेवटी, त्याला गोळी शेवटी मिळते. इतर रहिवाशांचे त्यात फारसे बिघडत नाही, यजमानांचे बिघडेल. म्हणून विचारा: एखाद्याला दिवसातून पाच वेळा, घड्याळ लावून, फेरीची वाट न पाहता गोळी देता का? सध्या असे किती रहिवासी आहेत? जेवणातल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपाचे शोषण कमी होऊ शकते, त्यामुळे गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवावे लागते, हे स्वयंपाकघर आणि परिचारिका या दोघांनाही ठाऊक आहे का? मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड आणि अस्वस्थपणावर दिले जाणारे हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे पार्किन्सन बळावू देतात. यजमानांच्या डॉक्टरांकडून अशा टाळायच्या औषधांची यादी लिहून घ्या, ती त्या विभागाच्या प्रमुख परिचारिकेपुढे ठेवा आणि त्यांचा चेहरा पाहा. ज्यांना हे माहीत असते, त्या यादीतले पहिलेच नाव वाचून मान डोलावतात.

घर निवडतानाही या आजाराचे भान ठेवावे लागेल. पार्किन्सनमध्ये पाऊल जागीच थिजण्याचा प्रकार होतो आणि तो विशेषतः दाराच्या चौकटीत, अरुंद जागेत आणि वळताना होतो. तेव्हा खोली मोठी की लहान यापेक्षा खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट सरळ आहे का, वाटेत किती वळणे आणि उंबरठे आहेत, न्हाणीघरात खुर्ची ठेवून दुसऱ्या माणसाला शेजारी उभे राहता येते का, हे पाहा. तिसऱ्या जागेच्या खोल्या लहान आहेत, याची तुम्ही तक्रार केली आहे; पण हाताला आधार सापडेल अशी लहान खोली त्यांना मोठ्या दिवाणखान्यापेक्षा जास्त सोयीची ठरू शकते. आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. पार्किन्सनच्या उत्तरार्धात पुष्कळ जणांना भास होतात आणि स्मृतिभ्रंशही होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असे नाही, परंतु स्मृतिभ्रंशाचा विभाग आपल्या कामाचा नाही असे समजून तो न पाहता परत येऊ नका.

तो विभाग पाहताना एका गोष्टीने भुलू नका. नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ मध्ये उभे राहिलेले होगेवेक हे स्मृतिभ्रंश झालेल्यांचे ‘गाव’ जगभर गाजले, आणि तेव्हापासून खोटे दुकान, खोटा बसथांबा, रंगवलेली गल्ली असे देखावे अनेकांनी उभारले. होगेवेकचे खरे बळ तिथल्या लहान घरांत आहे: सहा-सात माणसे एका घरात, त्यांच्या जगण्याच्या पद्धतीशी जुळणारी, आणि रोज तीच ओळखीची मदतनीस मंडळी. तुम्ही पाहाल त्या विभागात एका गटात किती माणसे आहेत आणि सांभाळणारे चेहरे किती वेळा बदलतात, एवढे कळले तरी पुरे.

आता पुन्हा त्या चार रकान्यांकडे येऊ. पहिला, स्तर बदलण्याचा निर्णय कोणाचा. चांगल्या करारात लिहिलेले असते की, ठरावीक काळाने आणि रुग्णालयातून परतल्यावर अमुक व्यक्ती मूल्यमापन करील, ते रहिवाशाला आणि कुटुंबाला दाखवले जाईल, तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांचे मत विचारात घेतले जाईल, आणि निर्णय मान्य नसेल तर दाद मागता येईल. ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील’ एवढेच वाक्य असेल, तर स्वतंत्र घर रिकामे करून नव्या ग्राहकाला देण्याची त्यांना घाई झाली तरी तुम्ही काही करू शकणार नाही. उलटेही होते: वरच्या स्तरावर खाट नाही म्हणून माणसाला हवी ती मदत न देता आहे तिथेच ठेवले जाते आणि भार जोडीदारावर पडतो.

दुसरा, जागेची हमी. करारात ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द कुठे आहे ते शोधा. शुश्रूषा विभागातल्या खाटेबाबत तो शब्द असेल, तर तुम्हाला हमी मिळालेली नाही, आशा मिळाली आहे. खाट नसेल तेव्हा बाहेरच्या कोणत्या ठिकाणी पाठवतील, तिथला जास्तीचा खर्च कोण सोसेल आणि आवारात खाट रिकामी होताच परत आणण्याचे बंधन संकुलावर आहे का, ही तीन उत्तरे हवीत. रुग्णालयातून यजमान काही आठवड्यांसाठी शुश्रूषा विभागात गेले, तर तुमचे घर किती दिवस राखून ठेवतील, हेही त्यातच विचारून घ्या. शेवटच्या दिवसांविषयी विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले, तेव्हापासून वेदनाशमनाची ही शाखा खूप पुढे गेली आहे. तरीही अनेक ठिकाणी प्रकृती ढासळताच रहिवाशाला रुग्णवाहिकेत घालून रुग्णालयात पाठवण्याचाच परिपाठ आहे. तुमच्या दोघांची इच्छा आपल्याच खोलीत राहण्याची असेल, तर ती पुरी करण्याची त्यांची तयारी आहे का, हे आज कळले पाहिजे.

तिसरा, पैसे. अशा संकुलांचे करार ढोबळमानाने तीन तऱ्हांचे असतात. एकात सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन पुढे कोणत्याही स्तरावर गेलात तरी मासिक शुल्क फारसे वाढत नाही. दुसऱ्यात वरच्या स्तरावरची देखभाल ठरावीक दिवसांपुरती किंवा सवलतीत मिळते आणि त्यानंतर पूर्ण दर लागतो. तिसऱ्यात प्रवेशाची रक्कम कमी, पण जी सेवा लागेल तिचा त्या वेळचा दर भरावा लागतो. आजार आधीच ठाऊक असताना आणि तो वाढणार हेही ठाऊक असताना तिसरी तऱ्हा सुरुवातीला स्वस्त दिसली तरी शेवटी सर्वांत महाग पडण्याचा संभव आहे. अर्थात पहिल्या तऱ्हेचा करार संकुले तुमच्यासारख्यांशी करायला नाखूष असतात, ही अडचण आहेच. शुल्कवाढीचा हिशेब स्वतः मांडा. दरवर्षी ६ टक्के वाढ झाली तर शुल्क १२ वर्षांत दुप्पट होते, ८ टक्के झाली तर ९ वर्षांतच. तुम्ही आज ७२ वर्षांच्या आहात, तेव्हा ८४ व्या वर्षी दुप्पट शुल्क, आणि दोघे दोन वेगळ्या विभागांत असाल तर दोन शुल्के, असे धरूनच घराच्या विक्रीची रक्कम पुरते का ते पाहा. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष किती वाढ केली, हे त्यांच्याकडून लेखी मागा. अनामत रकमेतला किती भाग परत मिळतो, दरवर्षी तो किती घटतो, आणि परतावा घर सोडल्यावर ठरावीक दिवसांत मिळतो की ते घर दुसऱ्याने घेतल्यावर, यांत फार अंतर आहे. संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब पाहा, किती घरे भरलेली आहेत ते विचारा, आणि देखभाल करणारी माणसे संस्थेची आहेत की कंत्राटदाराची, हेही. नवे, देखणे आणि अर्धे रिकामे संकुल हा मोठा धोका असतो, कारण रिकाम्या घरांचा खर्च शेवटी राहणाऱ्यांवरच येतो.

चौथा रकाना दुसऱ्या माणसाचा. यजमान शुश्रूषा विभागात गेले, तर तुम्हाला त्याच घरात राहता येईल का, की एकट्या माणसाला लहान घरात जावे लागेल? तुमच्या दारापासून त्यांच्या खाटेपर्यंत चालत जायला किती वेळ लागतो? ती वाट स्वतः चालून पाहा, आणि ऐंशीच्या पुढच्या पायांनी, पावसात, अंधार पडल्यावर ती झेपेल का याचा अंदाज घ्या. भेटीच्या वेळांचे बंधन जोडीदाराला लागू आहे का? त्यांच्या शेजारी बसून जेवता येते का? मला विचाराल तर, छत असलेली आणि पाच मिनिटांत संपणारी वाट वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोलाची आहे.

यजमानांच्या ‘घाई कशाला’ या म्हणण्याला उत्तर द्यावे लागेल, पण ते वाद घालून नको. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले गेले की आपल्या दिवसाचे निर्णय आपणच घ्यायचे, आणि एकेक रोप निवडून ते स्वतः सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितले की तुमची सगळी काळजी कर्मचारी घेतील, आणि रोपेही तेच सांभाळतील. निर्णय हाती असलेली मंडळी काही आठवड्यांतच अधिक तरतरीत आणि कामात दिसू लागली. प्रयोग लहान होता, त्यावरून भलते निष्कर्ष काढू नयेत. पण आज यजमानांच्या हाती निवडीचा अधिकार आहे आणि दोन वर्षांनी तो तितका राहील याची खात्री नाही, हे त्यांना पटण्यासारखे आहे. त्यांना करार वाचायला द्या. बँकेचे व्यवहार पाहणारा माणूस शुल्कवाढीचे कलम तुमच्या-माझ्यापेक्षा बारकाईने वाचील. आणि संकुलांनाही विचारा की, सहाय्यित विभागात गेलेल्या माणसाच्या हाती काय उरते: उठण्याची वेळ, आंघोळीची वेळ, खोलीचे दार आतून लावून घेणे, जेवताना कोणाशेजारी बसायचे? सगळे सुरक्षिततेच्या नावाखाली काढून घेणारी ठिकाणे पुष्कळ आहेत, आणि ती फार टापटीप दिसतात.

घरीच राहून मदतनीस ठेवावी का, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी मुलगी ते सुचवील. यजमान एकटे असते आणि घरात तिघांची पाळी लावण्याजोगी ऐपत आणि जागा असती, तर तो पर्याय मी खोडून काढला नसता. पण मदतनीस आली नाही त्या दिवशी पाळी तुमची असते, आणि तुमचे वय वाढते आहे.

आता तीन जागांविषयी माझे स्पष्ट मत. पहिली सोडून द्या. रुग्णालयाशी करार म्हणजे शुश्रूषा विभाग नव्हे. रुग्णालय आजारपणात ठेवून घेते आणि बरे वाटताच घरी पाठवते, आणि तुम्हाला लागणार आहे ती वर्षानुवर्षांची देखभाल. दुसरीचा शुश्रूषा विभाग नेहमी भरलेला असतो, ही एका परीने त्याच्या चांगुलपणाची खूण असू शकते. परंतु यादीत रहिवाशांचा आणि बाहेरच्यांचा क्रम कसा लागतो हे त्यांनी लेखी दिले नाही, तर तिथे चारही स्तर असून तुमच्या दृष्टीने शेवटचा नसल्यासारखाच आहे. माझा कल तिसरीकडे आहे, पण दोन अटींवर: रहिवाशांना पहिला हक्क ही गोष्ट तोंडी न राहता करारात हवी, आणि औषधांच्या वेळेची कसोटी तिथल्या परिचारिकांनी पार करायला हवी.

घर मात्र आत्ता विकू नका. तिसऱ्या जागी दोघांनी पाहुणे म्हणून दोन-तीन आठवडे राहता येते का ते विचारा. बरीच संकुले शुल्क घेऊन अशी सोय देतात. त्या मुक्कामात यजमानांची औषधे परिचारिकांच्या हाती सोपवा आणि प्रत्येक गोळी किती वाजता मिळाली ते यजमानांना स्वतःच्या वहीत लिहू द्या. दरम्यान कराराचा मसुदा परिशिष्टांसकट मागवून अशा करारांची माहिती असलेल्या वकिलांकडे द्या, आणि दोघांची मृत्युपत्रे, बँकखात्यांवरची नामांकने व एकाला निर्णय घेता येईनासा झाला तर त्याच्या वतीने कोण घेणार याची कायदेशीर व्यवस्था त्याच बैठकीत करून घ्या. मुलाला त्या बैठकीला फोनवर तरी हजर राहायला सांगा. अर्जातल्या आरोग्याच्या निवेदनात पार्किन्सन, निदानाचे वर्ष आणि सध्याची औषधे वेळांसह लिहा, डॉक्टरांचे पत्र जोडा, आणि संकुलाच्या पोचीची सही असलेली प्रत स्वतःकडे ठेवा.